तुन-हुआंगची सरहद्द आणि तेथे वसविलेली माणसे

तुन-हुआंग म्हटले की आपल्याकडील बौद्ध वाचकाच्या डोळ्यांसमोर मोगाव येथील लेणी आणि तेथील बंदिस्त गुंफेत सापडलेली ग्रंथसंपदा उभी राहते. अजिंठा जवळ असल्यामुळे त्या चित्रांचे आपल्याला अगत्य वाटते, हे स्वाभाविकच आहे. परंतु इ.स. ३६६ मध्ये ल-चुन या भिक्खूने तेथे पहिली गुंफा खोदविली, असे परंपरा सांगते. त्या वेळी त्या मरुद्यानात चिनी लष्करी ठाणे बसून सुमारे पावणेपाचशे वर्षे लोटली होती. त्या काळात तेथे कोण राहत होते, त्यांना तेथे कोणी आणले, हा प्रश्न लेण्यांच्या वर्णनात सहसा येत नाही.

इ.स.पू. १२१ मध्ये हान सम्राट वू याचा सेनापती ह्वो छू-पिंग याने श्युंगनू टोळ्यांना ह-शी पट्ट्यातून हुसकावले. दक्षिणेस छीलियेन पर्वत आणि उत्तरेस वाळवंट, यांमधील ही अरुंद वाट होय. पुढील काही दशकांत तेथे वूवेई, चांगये, च्यूछ्वान व तुन-हुआंग असे चार जिल्हे स्थापन झाले. जिंकलेली भूमी राखावयाची तर सैन्य हवे, सैन्याला धान्य हवे आणि धान्यासाठी नांगर धरणारी माणसे हवीत. म्हणून सैनिकांकडूनच शेती करवून घेण्याची पद्धत पडली, कालवे खोदले गेले आणि पूर्वेकडून कुटुंबेच्या कुटुंबे आणून वसविण्यात आली.

ही कुटुंबे कोणाची, हे हान राजवंशाच्या इतिहासग्रंथाने लपविलेले नाही. पूर्वेकडील अत्यंत दरिद्री लोक, सूड घेताना मर्यादा ओलांडलेले लोक आणि राजद्रोही ठरलेल्यांचे कुटुंबीय, अशी त्यांची नोंद आहे. म्हणजे ज्यांच्या हाती काही नव्हते आणि ज्यांना राज्याला दूर ठेवावयाचे होते, त्यांच्याच खांद्यावर सरहद्द उभी राहिली.

इ.स. २ च्या शिरगणतीत या चार जिल्ह्यांची मिळून ७१,२७० कुटुंबे व २,८०,२११ माणसे नोंदली आहेत. त्यांपैकी तुन-हुआंगची कुटुंबे ११,२०० आणि माणसे ३८,३३५. साऱ्या साम्राज्याची संख्या ५,९५,९४,९७८ होती, हे ध्यानात घेता हा पट्टा विरळच म्हणावा लागतो. आणखी एक गोष्ट लक्षात येते. साम्राज्यात घरटी माणसे पाचाच्या जवळपास होती. तुन-हुआंगला ती साडेतीनही भरत नाहीत. तुटलेली, विखुरलेली लहान घरे हेच त्याचे कारण असावे, असे आम्हाला वाटते. इ.स. १४० च्या सुमाराचा आकडा मात्र कोणीही डोळे मिटून घेऊ नये. तेथे तुन-हुआंगला ७४८ कुटुंबे आणि २९,१७० माणसे दिली आहेत, म्हणजे एका घरात ३९ माणसे! लेखकूच्या हातून कुटुंबांचा आकडा बिघडला, हे उघड आहे. वूवेईची लोकसंख्या ७६,४१९ वरून ३४,२२६ वर आलेली दिसते. सरहद्द ओसरत होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

शिरगणतीच्या पलीकडचे जीवन लाकडी पट्ट्यांवर वाचावयास मिळते. च्यूयेन येथे १९३० साली सुमारे दहा हजार पट्ट्या सापडल्या. १९७२ ते १९७४ या काळात त्यांत आणखी सुमारे वीस हजारांची भर पडली. टेहळणीच्या बुरुजांवरील शिपाई कोणत्या दूरच्या जिल्ह्यातून आला, त्याच्या बायकोमुलांना किती धान्य द्यावयाचे, हे सारे त्यांत आहे. मुलांची वर्गवारी ‘कामास लावण्याजोगे’ आणि ‘कामास न लावण्याजोगे’ अशी केलेली आहे. या दोन शब्दांवर वाचकाने क्षणभर थांबावे.

तुन-हुआंगजवळील श्वानछ्वान या टपालठाण्याचे उत्खनन १९९० ते १९९२ मध्ये झाले. तेथील एका पट्टीवर भोजनाचे साधे आमंत्रण आहे आणि पत्ता दिला आहे ‘श्याव फू-थू ली’ येथील, म्हणजे लहान बुद्धाच्या किंवा लहान स्तूपाच्या आळीतील. संशोधक ही पट्टी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. ते खरे असेल तर भाषांतरकारांच्या कितीतरी आधी बुद्धाचे नाव या सरहद्दीवरील एका वस्तीला लागले होते. ते कोणी दिले, सैनिकाने, निर्वासिताने की पश्चिमेकडील व्यापाऱ्याने, याचा निर्णय एका पट्टीवरून करणे धाडसाचे ठरेल.

परदेशी रहिवासी तेथे होते, यात शंका नाही. सद्धर्मपुंडरीकाचे २८६ मध्ये चिनी भाषांतर करणारा धर्मरक्ष हा तुन-हुआंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या युएची कुळातला. चौथ्या शतकाच्या आरंभीची सोग्दी पत्रे तेथील बुरुजाजवळ १९०७ मध्ये सापडली. पतीने टाकलेली म्यूनाय नावाची स्त्री आणि तिची मुलगी यांना चिनी लोकांची चाकरी पत्करावी लागल्याचे त्यांत लिहिले आहे. व्यापारी मार्गाच्या वैभवाची वर्णने करताना तिचेही स्मरण असावे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट फू च्येन याने मध्य चीनच्या नदीखोऱ्यांतून दहा हजारांहून अधिक आणि उत्तरेच्या मैदानातून सात हजारांहून अधिक कुटुंबे तुन-हुआंगला हलविली. सन ४०० मध्ये फाहियान तेथे पोहोचला तेव्हा प्रांताधिपती ली हाव याने त्याला वाळवंटाच्या प्रवासाची सामग्री दिली. त्याच ली हावने ४०५ मध्ये राजधानी च्यूछ्वानला नेली आणि आणलेल्या लोकांपैकी बहुतेकांना पुन्हा पूर्वेकडे हलविले. मागे राहिलेल्यांपैकी काहींची ४१६ सालची नोंदवही उपलब्ध आहे. तीत सैनिक वेगळे दाखविले आहेत आणि रहिवासाच्या जागी एका गढीचे नाव आहे. वेई राजवंशाचा इतिहास सांगतो की, या भागात अशा गढ्या व गावे एकमेकांना लागून होती आणि त्यांत स्तूप व विहार पुष्कळ होते. सरहद्दीवरचा धम्म हा असा गढीतल्या शेतकरी-शिपायांच्या शेजारी नांदत होता.

४३९ मध्ये उत्तर वेईने लियांगचे राज्य जिंकले आणि तेथील प्रजेला आपल्या राजधानीकडे, फिंगछंगला, हलविले. माणसांना हुकुमाने आणून वसविलेल्या या भूमीतून माणसे हुकुमानेच उचलली गेली. त्यांच्याबरोबर भिक्खूही पूर्वेकडे गेले. लियांगहून आलेल्या थान-याव या भिक्खूच्या देखरेखीखाली सन ४६० च्या सुमारास फिंगछंगजवळ युनकांगच्या लेण्यांचे काम सुरू झाले.