आत्याचं गाणं आणि तीन मिनिटांची तबकडी

मागच्या महिन्यात नातीचा फोन आला. "आजोबा, मला ख्याल रेकॉर्ड करायचाय, स्टुडिओ कुठला घेऊ?" ती पुण्यात शिकते, गाणं आमच्या आत्यावरून आलंय. दोन स्टुडिओंचे दर तिने काढून ठेवले होते, आणि जन्म बँकेत गेलेल्या आजोबाने स्वस्त-महाग तेवढं सांगावं अशी अपेक्षा. मी म्हटलं, दर नंतर बघू, आधी आपल्या इंदूरच्याच एका गवयाची हकीकत ऐक. तिला सांगितली तीच इथे लिहितो.

गवई म्हणजे उस्ताद अमीर खाँ साहेब. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी आणि बीन वाजवायचे, त्यामुळे खाँसाहेबांचं लहानपण इंदुरात गेलं. त्यांचा विलंबित ख्याल ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. झूमरा ताल, १४ मात्रा, आणि लय अशी की एका आवर्तनाला पाऊण मिनिट तर सहज लागावं. आता ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. भागाकार करून बघा, चार-पाच आवर्तनं! एवढ्यात षड्ज नीट लागत नाही, राग कुठला मांडणार?

हे तबकडीचं दुखणं जुनं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. मायक्रोफोन नव्हताच. भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात रेघ ओढणार. हळू गाणाऱ्याचं तिथे काही चालत नसे. गौहरबाईंनी मात्र तीन मिनिटांत सगळं बसवायची युक्ती अशी साधली की त्या घरोघरी पोचल्या. उलट अल्लादिया खाँ साहेब किंवा भास्करबुवा बखले यांच्या तबकड्याच नाहीत. केवढं नुकसान झालं आपलं! १९२५ नंतर विजेचं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि अब्दुल करीम खाँ साहेबांसारखा नाजूक आवाजही नीट उतरू लागला. पण वेळ तेवढाच राहिला.

अमीर खाँ साहेबांनीही सुरुवातीला ७८ च्या तबकड्या दिल्या. त्या ऐकल्या की तयारी कळते, तानांचा वेग कळतो, पण आपण ज्यांना ओळखतो ते खाँसाहेब त्यात भेटत नाहीत. सिनेमासाठीही ते गायले. 'बैजू बावरा'त (१९५२) द. वि. पलुसकरांबरोबरची त्यांची जुगलबंदी आजही वाजते, म्हणजे थोडक्यात गाता येत नव्हतं असं मुळीच नाही. पण त्यांचं खरं गाणं उतरलं ते लाँग प्ले तबकडी आल्यावर. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, बाजूमागे साधारण वीस मिनिटं. गाणं त्यांनी बदललं नाही, त्या गाण्याला पुरेल अशी तबकडी यावी लागली.

आता आमची आत्या. ती काही नावाजलेली गायिका नव्हती, पण १९५५ साली इंदूरला आकाशवाणी सुरू झाली, मग काही वर्षांनी तीही मालवा हाउसमध्ये गाऊन आली. ती खोली तिला फार आवडायची. जाड दुहेरी दारं, भिंतींना भोकाभोकांच्या पट्ट्या, आत शिरलं की रस्त्याचा आवाज गुडूप. तानपुऱ्याचा गंधार स्पष्ट ऐकू येतो म्हणायची. तक्रार एकच. "पंधरा मिनिटांत समोर घड्याळ बघत सम येते का रे कधी?"

मग १९८६ मध्ये कॅसेटचं वारं आलं. भजनांची कॅसेट काढू या, असा आग्रह मीच धरला. नवीन स्टुडिओ होता, नाव लिहीत नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. (बाहेरचा आवाज त्याने थांबत नाही, हे मला पुढे एका स्टुडिओच्या कर्जाचे कागद तपासताना कळलं.) तबलजीला काचेपलीकडे बसवलं, आत्याच्या कानाला हेडफोन. तिला तबलजीचा हात दिसेना, तबलजीला तिचा चेहरा दिसेना. वर मालकांनी हौसेने भरपूर घुमारा घातला. कॅसेट ऐकून आत्या एवढंच म्हणाली, "हा माझा आवाज नाही. विहिरीतून कुणीतरी गातंय." पैसे तासावर होते, ते मी भरले. पुन्हा ती कुठल्याही स्टुडिओत गेली नाही. माझ्या मनात ते अजून सलतं.

तिचं खरं गाणं घरातच उतरलं होतं, १९७२ च्या गणपतीत. जुन्या वाड्याचं माजघर, वर लाकडी तक्तपोशी, खाली सतरंज्या, बसायला तीसेक माणसं. खोलीत घुमायला जागाच नव्हती. काकांच्या स्पूल मशीनचा एक माइक झोपाळ्याच्या कडीला टांगला. सात इंची स्पूल, एका बाजूला तासभर टेप. कुणी घड्याळ पाहिलं नाही. मधे एक टांगा जातो, कुणीतरी खोकतं, आणि जौनपुरी चालू राहतो.

नातीला म्हटलं, दोन्हीकडे तानपुरा घेऊन जा, दहा मिनिटं गा, आणि काहीही न मिसळलेलं कोरं मुद्रण ऐकव म्हणावं. तबलजी समोर बसेल का ते विचार. पैसे तासावर की दिवसावर, तेही विचार, कारण मीटर चालू असेल तर विलंबित लय आपोआप चढते. तिने छोटा स्टुडिओ घेतला, लाकडी जमिनीचा, दिवसाच्या भाड्याने. थोडा महागच पडला.

आत्याची स्पूल माझ्या कपाटात आहे, डब्यावर तिच्याच अक्षरात 'जौनपुरी' लिहिलंय. काकांचं मशीन कधीच बंद पडलं. इंदूर, देवास, उज्जैनकडे कुणाजवळ चालू मशीन असेल तर कळवा. टेप कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.