तळटीप १४ : ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’

१४. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात झाली. या संघटनेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी हे निवेदन लिहिले. अल्पसंख्याकांना हमी देण्याचा एक मार्ग त्याआधी आजमावला गेला होता : पहिल्या महायुद्धानंतर पोलंडसारख्या नव्या राष्ट्रांकडून अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे करार करून घेण्यात आले होते, देखरेख राष्ट्रसंघाची. १९३४ मध्ये पोलंडने ती झुगारली. बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी हमी मागितली ती मात्र अशा करारात नव्हे, थेट राज्यघटनेत : स्वतंत्र मतदारसंघ, स्वतंत्र वसाहती, आणि सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्याला शिक्षा. या शेवटच्या मागणीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा जाच आहे; वाचकाने ती घाईने ओलांडू नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा अमलात आला तो जुलै २०१७ मध्ये. — संपादक