तापल्या सळईचे कुरळेपण

माळव्यात वाढलेल्या आम्हां मंडळींना ‘मेघदूत’ वाचताना उज्जयिनीपाशी थोडे थबकावेसे वाटतेच. तेथील गवाक्षांतून बाहेर पडणाऱ्या, स्त्रियांच्या केसांना दिलेल्या धुपाच्या धुराने मेघ पुष्ट होईल, असे कालिदासाचा यक्ष सांगतो. आमच्या घरांतही बाळंतिणीच्या ओल्या केसांना उदाची धुरी देत असत. केस आणि विस्तव यांची गाठ आपल्याकडे अशी जुनीच. पण ती केस वाळवण्यापुरती आणि सुगंधापुरती. वळण लावण्यासाठी तापले लोखंड केसांना भिडवण्याची चाल पश्चिमेकडची, आणि तिचा इतिहास दिसतो तितका नाजूक नाही.

प्राचीन रोममध्ये या सळईला ‘कॅलामिस्ट्रम’ म्हणत. ती राखेत तापवून देणाऱ्या सेवकाचे नावच मुळी राखेवरून पडले, असे व्हॅरोने नोंदवले आहे. रंग लावून केस गमावून बसलेल्या प्रेयसीला दोष देताना ओव्हिड, त्या बिचाऱ्या केसांनी लोखंडाचा आणि आगीचा जाचही निमूटपणे सोसला होता, याची तिला आठवण देतो. मार्शलच्या एका लघुकवितेत तर एक बट नीट बसली नाही एवढ्यावरून मालकीण दासीला आरशानेच मारते. सळई दासीच्या हाती, शोभा मालकिणीची आणि चुकीची शिक्षा पुन्हा दासीला! (साहित्यप्रेमी वाचकांसाठी एक गंमत: सीझरच्या साध्या गद्याची वाखाणणी करताना सिसेरोने, त्यावर सळई फिरवून कुरळे करू पाहणाऱ्या मूर्खांना कोपरखळी मारली आहे. अलंकारिक भाषेला दिलेली ही उपमा आमच्या काही समकालीनांनाही लागू पडावी.)

पुढे युरोपात आणि अमेरिकेत दासी नसलेल्या मध्यमवर्गीय घरांत हे काम बहिणीबहिणींवर आले. 1868 साली प्रसिद्ध झालेल्या लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ कादंबरीत मेजवानीला निघालेल्या मेगच्या बटा जो कागदात गुंडाळून तापल्या चिमट्याने दाबते. कागद सोडवावा तो जळके केसच हाती येतात. हा प्रसंग वाचकांना हसवतो, कारण तो घरोघरचा होता. त्याच सुमारास, 1866 मध्ये, हायरम मॅक्सिम यांनी केस कुरळे करण्याच्या चिमट्याचे पेटंट घेतले. पुढे मशीनगन बनवणारे मॅक्सिम ते हेच. 1872 मध्ये पॅरिसच्या मार्सेल ग्रातो यांनी चिमटा उलटा धरून केसांवर सलग लाटा उठवल्या आणि ‘मार्सेल वेव्ह’ जगभर गाजली. चिमटा ज्योतीवर तापवायचा आणि आधी कागदावर टेकवून पाहायचा. कागद करपला तर थांबायचे, हीच काय ती मोजपट्टी. कार्ल नेस्लर या जर्मन केशकाराने 1906 च्या सुमारास लंडनमध्ये टिकाऊ कुरळेपणाचे यंत्र पुढे आणले. त्याचे पहिले प्रयोग पत्नीवर झाले. त्यांत तिचे केस जळाले आणि टाळूही भाजली. इतिहासात नाव मात्र नेस्लरचे.

केस बनतात ते केराटिन या प्रथिनाचे. त्यातील काही दुबळे बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना, त्या वेळी जो आकार असेल त्यात पुन्हा जुळतात. हवेतील ओलावा तेच बंध परत सोडवतो. लांब केसांची अडचण आणखी वेगळी. त्यांचे वजनच वळण खाली ओढते, म्हणून ते बारीक बटांत विभागावे लागतात, आणि शेंडे, जे वर्षानुवर्षांचे जुने व आधीच झिजलेले, त्यांनाच चटका अधिक बसतो. केस ओले असतील तर आतले पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तो तेथेच तुटतो. आजच्या विजेच्या साधनांत तापमान बेतता येते, पण अनेकांचा काटा दोनशे अंशांवर जातो आणि तेथे केराटिनची हानी सुरू झालेली असते.

गेल्या आषाढात आमच्या घरी लग्न होते. करवल्यांनी पहाटेपासून आरशापुढे दोन तास घालवले. एकीच्या कानाला चटका बसला, तेव्हा तूप लावू नका, गार पाणी घाला, असे आम्हीच ओरडलो. बाहेर पाऊस लागला होता. अक्षता पडेपर्यंत निम्म्या बटा सरळ झाल्या होत्या, आणि घरातल्या थोरल्या आत्याबाई गजरा घेऊन प्रत्येकीचा अंबाडा बांधत बसल्या होत्या.