बेंच (माहिती तंत्रज्ञान सेवा)

बेंच : माहिती तंत्रज्ञान सेवा कंपनीच्या पगारावर असलेले, पण कोणत्याही ग्राहकाच्या प्रकल्पावर न नेमलेले अभियंते. ग्राहकाला मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांचा धंदा या राखीव फळीशिवाय चालत नाही.

त्याचे कारण वेळेच्या गणितात आहे. ग्राहकाला जावा किंवा सॅप येणारी माणसे बहुधा काही आठवड्यांत हवी असतात. भारतातल्या अनेक मोठ्या आयटी कंपन्यांत मात्र नोटीस पीरियडच 90 दिवसांचा असतो. बाहेरून माणूस येईपर्यंत काम दुसऱ्या कंपनीकडे गेलेले असते. म्हणून भरती आणि प्रशिक्षण मागणीच्या आधीच उरकावे लागते. इन्फोसिसचे म्हैसूरचे भव्य निवासी प्रशिक्षण केंद्र याच गरजेतून वाढले. बेंचवरचा अभियंताही रिकामा नसतो. तो नवे तंत्रज्ञान शिकतो, प्रमाणपत्र परीक्षा देतो, चालू प्रकल्पावर ‘शॅडो’ म्हणून, म्हणजे सहकाऱ्याचे काम पाहून शिकत, बसतो आणि ग्राहकापुढे मुलाखती देतो.

बेंच किती मोठा, हे ‘युटिलायझेशन’वरून कळते : एकूण अभियंत्यांपैकी बिलिंग चालू असलेल्यांचे, म्हणजे ज्यांच्या कामाचे पैसे ग्राहक देतो त्यांचे, प्रमाण. इन्फोसिस हा आकडा प्रशिक्षणार्थी धरून आणि वगळून, असा दोन्ही प्रकारे देत आली आहे. तो चढला की नफा वाढतो, पण नवे काम अंगावर घ्यायला माणसे उरत नाहीत.

या सज्जतेचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा वाद आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 12 जून 2025 पासून वर्षाला किमान 225 दिवस बिलिंग आणि जास्तीत जास्त 35 दिवस बेंच अशी मर्यादा घातली. पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

अमेरिकेने एच-1बी व्हिसावरील कामगारांपुरता हा प्रश्न 1998 च्या कायद्याने सोडवला आहे : मालकाकडे काम नाही म्हणून कामगार बसून राहिला, तरी त्याला ठरलेले वेतन द्यावेच लागते. हेच न्याय्य आहे. तयार माणूस हाताशी असल्याचा लाभ कंपनी घेते. प्रकल्प नसल्याचा भुर्दंड अभियंत्यावर टाकणे अन्यायाचे आहे.