बारा सर्पांची भरती

त्र्यंबकेश्वरला कालसर्पाची शांत करायला देशभरातून माणसं येतात. कुंडलीतले सातही ग्रह राहू-केतूंच्या एकाच बाजूला आले की कालसर्प योग, आणि त्याचे बारा प्रकार सांगतात: अनंत, कुलिक, वासुकी, शंखपाल, पद्म, महापद्म, तक्षक, कर्कोटक, शंखचूड, घातक, विषधर, शेषनाग. ही यादी जरा सावकाश वाचा. पहिले आठ पुराणांतले अष्टनाग. शंखचूड हर्षाच्या 'नागानंद' नाटकातला, गरुडाच्या तावडीतून वाचलेला. शेष म्हणजे बहुतेक पुराणांत अनंतच, म्हणजे तो दोनदा मोजला गेला. विषधर हा कुठलाही साप, आणि घातक हे तर नुसतं विशेषण! कुंडलीत राहू बारापैकी कुठल्याही घरात बसू शकतो, म्हणून नागही बारा लागले. जुन्या परंपरेला अशी भरती करावी लागली नसती.

कालसर्पाचं मूळ म्हणून काहीजण वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'तला सर्पयोग पुढे करतात. तो केंद्रातल्या पापग्रहांचा. राहू-केतूंशी त्याचा संबंध नाही. पाराशरीतला सर्पशाप मात्र जवळचा वाटतो. तिथे राहू आहे, संतती न होणं आहे, सोन्याच्या नागाची पूजाही आहे. तरी माझ्या मते खरं मूळ त्र्यंबकचाच नागबळी. हातून नाग मेला, तर कणकेचा नाग करून त्याला माणसासारखा अग्नी द्यायचा. नारायणबळीसह तीन दिवसांत विधी पुरा होतो आणि माणूस मोकळा होतो. नागबळीपासून कालसर्पापर्यंतची मधली पायरी छापील ज्योतिषपुस्तकांनी बांधली असणार. त्या पायरीवर सगळंच फिरलं: नागबळीला आधी कृत्य लागतं, कालसर्पाला नुसता जन्म पुरतो.

अशा जन्मजात धास्तीचं शरीरात काय होतं? १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये डेव्हिड फिलिप्स यांनी अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लोकांच्या मृत्युनोंदी मांडल्या. चिनी ज्योतिषात जन्मवर्षाला अशुभ मानलेला आजार ज्यांना झाला, ते १.३ ते ४.९ वर्षं लवकर गेले, असा त्यांचा निष्कर्ष. गॅरी स्मिथ यांनी २००६ साली तो खोडून काढला, आणि त्यांचे आक्षेप वजनदार आहेत. पण तूरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्तींचे प्रयोग पक्के आहेत: 'आता दुखणं वाढेल' एवढं सांगितलं तरी वेदना खरोखर वाढते. ती वाढ कोलेसिस्टोकायनिनमार्फत होते. त्याला अडवणारं औषध दिलं की थांबते. शांतीनंतर बरं वाटतं म्हणणाऱ्यांवर म्हणूनच माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांची भीती खरी होती, उतरली तीही खरी. माझा राग आहे तो आधी ती भीती घालणाऱ्यांवर.

कारण हा योग दुर्मीळही नाही. राहू-केतूंची रेषा कुंडलीचे दोन भाग करते. सातही ग्रह एकाच भागात येण्याची शक्यता साध्या हिशेबाने ६४ मध्ये १. त्यात बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ अंशांपलीकडे. त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण त्याहून बरंच जास्त. एवढ्या कुंडल्यांत कुणाचं लांबलेलं लग्न, कुणाचा गर्भपात, कुणाची जुनी पोटदुखी सापडणारच.