मॅकगिलिकडी : एका आडनावाचा इतिहास

मॅकगिलिकडी हे आयर्लंडच्या नैऋत्येकडील केरी परगण्यातले दुर्मीळ आडनाव. त्याचे मूळ आयरिश रूप ‘मॅक गिला मोखुदा’ असे आहे. मॅक म्हणजे मुलगा, गिला म्हणजे सेवक. संत मोखुदाच्या सेवकाचा मुलगा, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हा मोखुदा सातव्या शतकातला. केरीतल्या मेन नदीकाठी तो लहानपणी डुकरे राखत असे. एकदा स्तोत्रे गात चाललेले धर्मगुरू त्याला दिसले आणि डुकरे सोडून तो त्यांच्यामागे गेला, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. त्याला कार्थाख असेही म्हणत. राहन येथील मठातून हुसकावल्यावर त्याने वॉटरफर्ड परगण्यात लिझमोरचा मठ स्थापला. पुढे ते विद्येचे मोठे केंद्र झाले. नावातला ‘मो’ म्हणजे ‘माझा’. संतांची नावे अशी लाडाने घेण्याची आयरिश मठांत रीत होती.

संताचे नाव थेट मुलाला न ठेवता त्याचा ‘गिला’ म्हणवून घेण्याची प्रथा दहाव्या शतकापासून रुळली. आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावेही याच सुमारास रूढ होत होती. त्यामुळे अशी भक्तिवाचक नावे पुढे घराण्यांना चिकटली.

मॅकगिलिकडी घराणे ओ’सुलिव्हन मोर या बलाढ्य कुळाची शाखा. हे कूळ मूळचे टिपररीचे. नॉर्मन आक्रमणानंतर, बाराव्या शतकाच्या अखेरीस, ते केरीकडे सरकले. कुळाचा पसारा वाढला तशा त्याच्या शाखा निराळ्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. इंग्रजी कारकुनांनी हे आयरिश नाव कानाला आले तसे लिहिले. मधला ‘मो’ गळाला, ‘खुदा’चे ‘कडी’ झाले.

घराण्याच्या जमिनीलगतच्या डोंगररांगेला इंग्रजीत ‘मॅकगिलिकडीज रीक्स’ म्हणतात. कॅरन्टूल हे 1,038 मीटर उंचीचे देशातले सर्वोच्च शिखर याच रांगेत आहे. आयरिशमध्ये मात्र रांगेचे नाव ‘ना क्रुआखा दुवा’, म्हणजे काळ्या गंज्या. त्यात घराण्याचा उल्लेख नाही. कुळप्रमुख ‘द मॅकगिलिकडी ऑफ द रीक्स’ ही उपाधी लावत. या उपाधीचे एक धारक 1928 ते 1936 या काळात आयरिश सिनेटचे सदस्य होते. आयरिश सरकारने कुळप्रमुखांना अधिकृत मान्यता देणे 2003 मध्ये थांबवले.