पहिली गोळी कोणाची? काउंटर-स्ट्राइक आणि त्याची इंजिनं

गेमचं नवं इंजिन आलं की चर्चा होते ती चित्राची: पाणी किती खरं दिसतं, सावल्या कशा पडतात. पण स्पर्धेच्या गेममध्ये इंजिनाचं खरं काम पंचाचं असतं. दोघांनी एकमेकांवर गोळी झाडली, तर आधी कोणाची लागली, हे तेच ठरवतं. काउंटर-स्ट्राइकचा इतिहास आज या एका प्रश्नाच्या अंगाने पाहू.

सुरुवात १९९६ च्या क्वेकपासून करावी लागते. इंटरनेटवर तो खेळताना तुम्ही बटण दाबलं की निरोप आधी सर्व्हरकडे जायचा, तिथून उत्तर यायचं आणि मगच तुमचं पात्र हलायचं. त्या काळच्या मोडेमवर हा फेरा फार रेंगाळायचा. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन कारमॅक यांनी क्वेकवर्ल्ड आणलं. आता तुमचा कॉम्प्युटर उत्तराची वाट न पाहता हालचाल लगेच दाखवू लागला. चुकलं तर सर्व्हर नंतर दुरुस्त करायचा.

व्हॉल्व्ह कंपनीने क्वेकचंच इंजिन घेतलं, बरंच बदललं आणि १९९८ साली हाफ-लाइफ काढला. त्याच्यावर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या हौशी तरुणांनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक उभा केला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो बाजारात आणला.

इथे वेगळीच अडचण होती. शत्रू तुम्हाला दिसतो तो क्षणभर जुना असतो. नेम अचूक धरला तरी सर्व्हरच्या हिशेबात तो पुढे सरकलेला असतो! यावर तोड अशी निघाली की, सर्व्हर तो क्षण मागे नेतो, गोळी झाडताना तुम्हाला शत्रू कुठे दिसत होता ते तपासतो आणि निकाल देतो. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात. पण यात एक निवड आहे बरं का. नेम धरणाऱ्याला न्याय मिळाला. भिंतीआड पोहोचलेला मात्र ‘मी तर वाचलो होतो’ म्हणत मरतो.

२००४ मध्ये सोर्स हे नवं इंजिन आलं. चित्र सुधारलं, वस्तू खऱ्यासारख्या पडू-गडगडू लागल्या. तरी अनेक कसलेले खेळाडू जुन्या १.६ वरच राहिले. का? हाताला बसलेला अंदाज नव्या इंजिनात तसाच लागू होत नव्हता. सुंदर पंच आणि ओळखीचा पंच यांत त्यांनी ओळखीचा निवडला.

मग २०१२ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला आणि वाद टिकचा झाला. सर्व्हर सलग पाहत नाही. ठरावीक ठोक्यांवर पाहतो. व्हॉल्व्हच्या सर्व्हरवर सेकंदाला ६४ ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत सुमारे १५.६ मिलिसेकंद. मोठ्या स्पर्धांत १२८. त्यामुळे उडी मारून फेकलेला स्मोक ग्रेनेड दोन्हीकडे एकाच जागी पडेल याची खात्री नसायची. घरी केलेला सराव स्पर्धेत दगा द्यायचा.

क्रिकेटमधला रनआउट आठवा. एका फ्रेममध्ये बॅट बाहेर, पुढच्या फ्रेममध्ये बॅट आत आणि बेल्स उडालेल्या. खरं काय ते दोन फ्रेमच्या मधे घडून गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सोर्स २ इंजिनावर आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ ने नेमकं या मधल्या जागेला हात घातला. ठोके ६४ च राहिले, पण बटण कोणत्या क्षणी दाबलं याची वेळही निरोपासोबत जाऊ लागली. या पद्धतीला सबटिक म्हणतात. धूरही बदलला: तो आता खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, गोळीने त्यात फट पडते आणि सगळ्यांना तो सारखाच दिसतो.

म्हणून सगळे खूश झाले? मुळीच नाही. आडोशामागे गेल्यावर मेल्याची तक्रार राहिलीच. कारण निरोप पोहोचायला लागणारा वेळ कोणतंच इंजिन पुसू शकत नाही. त्या वेळेचा भुर्दंड कोणाच्या माथी टाकायचा, एवढंच ते ठरवतं. तेव्हा पुढचं इंजिन येईल, त्या वेळी चित्र जरूर बघा. पण आधी विचारा: निकाल कोणाच्या घड्याळाप्रमाणे लागतोय?